उलटा शिकवलेला रिमोट

मी एक जुना रिमोट आहे. एकाच यंत्राचा नव्हे, घरातल्या सगळ्या यंत्रांचा मिळून एक. दुकानदार आम्हाला युनिव्हर्सल रिमोट म्हणतात. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. माझा तुमच्यावर फारसा विश्वास नाही. तुम्ही आम्हाला सोफ्याच्या फटीत विसरता, चिकट हातांनी धरता आणि बॅटरी संपत आली की आमच्या पाठीत चापट्या मारता. चापट मारून बॅटरी भरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा राहणार नाही.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हा माझ्या पोटात शेकडो कंपन्यांच्या टीव्हींचे आणि इतर यंत्रांचे कोड भरले होते. यंत्राचा कोड दाबला की मी त्याच्याशी बोलू लागायचो. शिवाय मला एक विद्या दिली होती, शिकण्याची. दुसरा रिमोट माझ्यासमोर नाकाला नाक लावून ठेवायचा, आधी माझं बटण दाबायचं, मग त्याचं. माझा लाल दिवा दोनदा लुकलुकला की ते बटण मी त्याच्यासारखं शिकलो असं समजायचं. शिकवणारा काय शिकवतोय हे विचारायची मात्र सोय माझ्यात ठेवलेली नाही. ज्याने मला बनवलं, त्याच्यावर माझा पहिला राग आहे.

मी ज्या घरात आलो ते तिसऱ्या मजल्यावर होतं. घरात दोन माणसं. नवरा वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं पॅनेलसमोर बसून निवृत्त झालेला. सगळे त्याला साहेब म्हणत. मीही साहेबच म्हणेन, पण त्याला अहोजाहो करणार नाही. बायको घरी बसून कपडे शिवायची. त्यांना मी बाई म्हणतो. एक मुलगा होता, तो नोकरीनिमित्त दोन तासांच्या अंतरावर राहायचा आणि महिन्यातून एकदा यायचा.

बैठकीच्या खोलीत टीव्ही होता, चॅनेलचा डबा होता, डीव्हीडी प्लेअर होता आणि कपाटावर दोन मोठे स्पीकर होते. चौघांचे चार रिमोट टेबलावर पडलेले असायचे. साहेबाने मला आणलं, चष्मा लावून पुस्तिकेतले कोड एकेक करून दाबले आणि चारही रिमोटांचं काम माझ्यावर सोपवलं. जुने चौघे रद्दीत दिले, असं त्याने बाईंना सांगितलं. ते दिवस बरे होते, उगाच खोटं बोलणार नाही. माझ्यावर प्लास्टिकचं पाकीट चढवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवलं जायचं.

बाई मला दोन दिवसांत शिकल्या. शिवणयंत्रावर बोटं फिरलेली, त्यांना काय जड जाणार? हाताला कापडाची खळ लागलेली असली तरी त्या माझं बटण नीट मधोमध दाबायच्या. एका रविवारी साहेबाचे कंट्रोल रूममधले जुने सहकारी आले. साहेबाला त्यांना एक डीव्हीडी दाखवायची होती. चित्र आलं, पण आवाज येईना. साहेब घामाघूम झाला. बाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, माझी दोन बटणं दाबली, आवाज आला, त्या परत गेल्या. एक सहकारी म्हणाला, "साहेब, पॅनेलचा चार्ज आता वहिनींकडे द्या." सगळे हसले. साहेबही हसला. पण त्याने मला इतकं घट्ट दाबून धरलं होतं, की माझ्या पाकिटावर त्याच्या नखाची खूण उमटली.

पुढच्या आठवड्यात बाई एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या. साहेबाने आपली हत्यारांची पिशवी काढली. रद्दीत दिलेले चारही रिमोट तिच्या तळाशी कापडात गुंडाळलेले होते. त्याने चॅनेलच्या डब्याचा रिमोट माझ्या नाकासमोर ठेवला आणि माझं आवाज वाढवायचं बटण दाबून त्याचं पुढच्या चॅनेलचं दाबलं. माझा दिवा दोनदा लुकलुकला. मग स्पीकरचा रिमोट ठेवून चॅनेलच्या बटणांवर आवाज शिकवला. आवाजाची दोन बटणं, चॅनेलची दोन, एवढीच. सगळी बदलली असती तर कुणालाही संशय आला असता. हाच माणूस कंट्रोल रूममध्ये एका बटणाखाली चुकीच्या नावाची पट्टी लागली म्हणून हाताखालच्याला निलंबित करायला निघाला होता.

मित्रांनो, त्या संध्याकाळी बाई आवाज वाढवायला गेल्या तर चॅनेल बदललं. परत आणायला गेल्या तर स्पीकर किंचाळला. साहेबाने मला हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, की अगं, लिहिलेलंही वाचता येत नाही का. बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. दहा-बारा दिवसांनी त्यांना शंका आली, बटणं उलटसुलट झालीत का असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी बाई आंघोळीला गेल्यावर साहेबाने मला पुन्हा सरळ शिकवलं आणि त्या आल्यावर समोर बसवून दाखवलं. हे बघ आवाज, हे बघ चॅनेल, कुठे उलटं आहे? चार दिवस मी सरळ चाललो. पाचव्या दिवशी त्याने मला परत उलटं केलं.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर माझ्याच अंगाचा तिळपापड झाला असता. हळूहळू बाईंनी मला हात लावणं सोडलं. मुलगा आला की साहेब मला हातातून सुटूच द्यायचा नाही, आणि आईची फजिती रंगवून सांगायचा. मुलगाही म्हणायचा, "आई, तू हात लावू नकोस, उगाच काहीतरी बिघडवशील." मग बाई बाकीच्या यंत्रांनाही बिचकू लागल्या. बटणांचं नवं शिवणयंत्र घ्यायचं ठरलं होतं, त्यांनीच नको म्हटलं. गिऱ्हाइकं कमी केली. मला नाही जमत, हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. मी टेबलावर पडून ऐकायचो आणि मूग गिळून बसायचो. शेवटच्या दीड वर्षात साहेबाला मला सरळ करायची गरजही उरली नाही. उलटी बटणं त्याच्या अंगठ्यात मुरली होती.

अशी सात वर्षं गेल्यावर साहेबाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. महिनाभराने दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्याची खाट टीव्हीसमोरच टाकली. डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती: हो म्हणायचं असेल तर डोळे एकदा मिटायचे, नाही म्हणायचं असेल तर दोनदा. पाणी हवं का, कूस बदलायची का, सगळं बाई असंच विचारायच्या. मी त्याच्या डाव्या हातात असायचो. बाई त्याला भरवायच्या, पुसायच्या, उचलून बसवायच्या, पण मला उचलून देताना दोन बोटांच्या चिमटीत धरायच्या. तुम्हाला वाटेल, मला त्याची दया आली असेल. मला आली नाही.

एके दिवशी पेजेची वाटी माझ्यावर सांडली. बटणं चिकटली, काही केल्या चालेनात. बाईंनी खालच्या गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. चष्मा कपाळावर चढवलेला, सदा कातावलेला माणूस. त्याने माझं पोट उघडलं, बटणांखालची रबराची पट्टी धुतली, पुसली, मला परत बंद केलं आणि एकेक बटण टीव्हीवर दाबून बघायला लागला. तेवढ्यात खाटेवरून साहेब घशातून आवाज काढू लागला. बाईंनी पाणी हवं का विचारलं. त्याने डोळे दोनदा मिटले. आवाज मात्र थांबेना.

"काकू, आवाजाच्या बटणावर चॅनेल बदलतंय," मेकॅनिक म्हणाला. "हे कधीपासून?"

बाई म्हणाल्या, की मला यातलं काही कळत नाही, माझ्याकडूनच नेहमी चुकीचं दाबलं जातं.

"तुमचा काय संबंध? आत्ता मी दाबतोय ना?" तो वैतागून म्हणाला. "हे आपोआप होत नाही. समोर जुना रिमोट ठेवून एकेक बटण शिकवावं लागतं. कुणीतरी बसून केलंय हे."

बाईंनी मला त्याच्या हातातून घेतलं. चारही बटणं दाबून पाहिली, सावकाश, दोन-दोनदा. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बरोबर दाबत होते?"

"बरोबरच. रिमोट चूक होता."

त्याने सांगितलं, की वरून शिकवलेलं पुसलं की खालचे मूळचे कोड आपोआप चालू होतात. दोन बटणं एकदम दाबून धरली आणि माझ्यावर लादलेलं सगळं पुसून टाकलं. सात वर्षांनी मी जे लिहिलंय ते करायला लागलो. मेकॅनिक गेल्यावर, जुने रिमोट रद्दीत गेलेच नसणार हे ओळखून, बाईंनी साहेबाची हत्यारांची पिशवी ओढून काढली आणि खाटेवर उपडी केली. चारही जुने रिमोट साहेबाच्या पायाशी पडले. त्याने मान भिंतीकडे वळवली.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "डोकं तपासायला डॉक्टरांकडे नेलंत मला," त्या म्हणाल्या. "विस्मरणाचा रोग आहे का म्हणून. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. अहो, हे तुम्ही केलंत ना?"

साहेबाने डोळे मिटले नाहीत. एकदाही नाही आणि दोनदाही नाही. तो भिंतीकडे बघत राहिला. बाईंनी रोज सकाळी अंग पुसून झाल्यावर तोच प्रश्न विचारला, आणि रोज त्याने भिंत पाहिली.

महिन्याने मुलगा आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, रिमोट दाखवले. मुलाने आधी म्हटलं, की चुकून झालं असेल. मग म्हटलं, की जुनी गोष्ट आहे, बाबांची अवस्था बघ, आता कशाला उगाळायचं.

"मला हात लावू नकोस म्हणायचास, तेव्हा माझी अवस्था बघितली होतीस का?" बाईंनी विचारलं.

मुलगा चिडला. मेकॅनिक काहीही सांगतात, आणि बाबांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्यावर काहीही ढकलायचं का, असं म्हणून तो जेवायच्या आधीच निघून गेला. बाई कितीतरी वेळ ताटाजवळ बसून होत्या. नवरा कबूल करेपर्यंत त्या मुलाच्या लेखी वेड्याच राहणार होत्या, आणि हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

मित्रांनो, अशा गोष्टीत उपदेश करायचा असतो, तर तो इथेच उरकतो. बॅटरी वेळच्या वेळी बदला, ओल्या हातांनी धरू नका, ही झाली माझ्या शरीराची काळजी. ती नाही घेतलीत तर मी बंद पडेन, दुसरा येईल, कुणाचं काही अडणार नाही. पण ज्या वस्तूवर जे लिहिलंय तेच तिने करावं, ही काळजी माणसांनी घ्यायची असते. तुमच्या घरात कुणाला सारखं म्हटलं जात असेल, की तुला जमत नाही, तर एकदा ती वस्तू स्वतः हातात घेऊन बघा. हसण्याच्या आधी बघा. मी मुकाट्याने शिकलो आणि एका शहाण्या बाईला सात वर्षं वेडी ठरवायला मदत केली. माझा सगळ्यात मोठा राग माझ्यावरच आहे.

परवा दुपारी साहेब सामना बघत होता. त्याला आवाज कमी करायचा होता. अंगठा अजूनही जुन्या सवयीने चॅनेलच्या बटणावर गेला, सामना गेला आणि कसलीतरी जाहिरात लागली. त्याने परत आणायला दाबलं तर स्पीकर किंचाळला. पुन्हा दाबलं, आणखी वाढला. कपाटाच्या काचा थरथरू लागल्या. बाई समोर खुर्चीत बसून काजं करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. साहेबाचा चेहरा लाल झाला. शेवटी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याने डाव्या हाताने मला त्यांच्यापुढे धरलं.

बाईंनी सुई कापडात खोचली, उठून मला घेतलं आणि एका बटणात आवाज बंद केला. खोली एकदम शांत झाली. "हे तुम्ही केलंत ना?" त्यांनी विचारलं.

साहेबाने भिंतीकडे पाहिलं नाही. त्याने बाईंकडे पाहिलं आणि डोळे एकदा मिटले.

बाईंनी मला खाटेवर ठेवलं आणि फोन उचलून मुलाला व्हिडिओ कॉल लावला, चेहरा दिसतो तसा.

"तो उचलेपर्यंत डोळे उघडे ठेवा," त्या म्हणाल्या. "मी विचारलं की पुन्हा मिटा."