बघणाऱ्याचा वाटा

धैर्यशील सावंतला सिंगापुरात रोज भेटणारी माणसं दोनच. एक कॅन्टीनमधली भाताच्या स्टॉलवरची आंटी. ती त्याला बघून "सेम आ?" एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कोबी, टोफू आणि तळलेलं अंडं ताटात टाकायची. दुसरा बोर्निओच्या जंगलातला एक म्हातारा, आणि तो यायचा फोटोत. आता फोटोतल्या माणसाला भेटणं म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. मरीन परेडच्या एका फ्लॅटमध्ये खोली भाड्यानं घेऊन, घरमालकिणीच्या फ्रिजमधल्या एका कप्प्यात आपलं दही ठेवून राहणाऱ्या सदतीस वर्षांच्या माणसाला विचारा. तो हो म्हणेल.

युनिव्हर्सिटीत तो पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक होता. बोर्निओत लाकूड तोडणाऱ्या एका कंपनीनं जंगलात रस्ते पाडले होते. लाकूड नेऊन झालं, रस्ते मात्र राहिले. मग त्याच रस्त्यांनी बाहेरचे शिकारी पिकअप गाड्या घेऊन शिरू लागले आणि डुकरं, सांबरं गाडी भरभरून नेऊ लागले. म्हणून सोळांपैकी आठ रस्ते आडवे चर खणून बंद केले. बंद केल्यानं जनावरं खरोखर वाढतात का, आणि माणसांचं काय होतं, हे बघायला झाडांना कॅमेरे बांधले. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढणार, दर तीन महिन्यांनी कार्डं सिंगापुरात येणार, आणि धैर्यशील एकेक फोटो उघडून त्यात काय आहे ते लिहिणार. भेकर, साळिंदर, उदमांजर, माणूस. नुसतंच पान हललं असेल तर 'रिकामा'. रिकामे फोटो जागा अडवतात म्हणून तिमाही संपली की कायमचे पुसले जायचे.

एकदा हौसेनं तो तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेला होता. तिथे पुण्यामुंबईच्या आयटीवाल्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीत? यानं नाकासमोर बघत सांगितलं, मी डुकरांचे फोटो मोजतो. सगळे हसले, तोही हसला, आणि पुन्हा काही तो तिकडे फिरकला नाही. लॅबमधली मंडळी दर बुधवारी एकत्र जेवायला जायची. तिथेही तो दोनदा गेला. त्यांच्या गप्पांत नेमकं कुठे शिरायचं हे त्याला कधी जमलंच नाही, मग बुधवारीसुद्धा तो आंटीकडेच जेवू लागला. हे बुधवारचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर तो म्हातारा. अकरा नंबरच्या बंद रस्त्यावर एक ओढा होता आणि त्यावर ओंडक्यांचा पूल. पुलाच्या अलीकडे, जंगलाच्या बाजूला, कॅमेरा. म्हातारा पलीकडच्या गावातून पूल ओलांडून यायचा. पायात रबरी बूट, पाठीला वेताची टोपली, खांद्यावर एकनळी बंदूक आणि मागे आखूड शेपटीचं पिवळं कुत्रं. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात. पहिल्यांदा तो कॅमेऱ्याकडे संशयानं बघून गेला. पुढच्या खेपेला जवळ येऊन निरखलं. तिसऱ्या खेपेला हसला. पुढचे दोन दात नव्हते.

नियम असा होता की बंद रस्त्यावर बंदूकवाला दिसला की तसं लिहायचं, आणि तो फोटो एका समितीकडे जायचा. समिती पुढे काय करते हे धैर्यशीलनं कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच काय, त्यानं घरी बघितलं होतं. आजऱ्याकडचे त्याचे कमलाकरमामा असेच होते, रानात पाय ठेवला की वय विसरणारे. वनखात्यानं त्यांची बंदूक जमा केली त्या दिवसापासून मामा ओट्यावर बसले ते बसलेच. गेले तेव्हा धैर्यशील इथे होता. काँट्रॅक्टच्या मुलाखतीचा दिवस होता, जाता आलं नाही. ती बोच अजून होती.

तरीही पहिल्या तिमाहीत त्यानं प्रामाणिकपणे 'माणूस' असं लिहिलं असतं. पण एका फोटोनं घात केला. त्या दिवशी म्हाताऱ्याला डुक्कर मिळालं होतं, टोपली जड दिसत होती. परत जाताना तो कॅमेऱ्यासमोर थांबला, एक दुबेळकी काठी जमिनीत रोवली आणि तिच्यावर पानात बांधलेली पुडी ठेवली. मग हात जोडल्यासारखं काहीतरी करून पूल ओलांडून निघून गेला.

धैर्यशील खुर्चीतून उठलाच. मामांच्या गावात डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. बंदुकीचा एक, हाकाऱ्यांचे, कुत्र्यांचा, आणि शेवटी एक बघणाऱ्याचा. वाटेत ज्यानं नुसतं पाहिलं त्यालाही वाटा द्यायचा, त्याशिवाय शिकार अंगी लागत नाही, असं मामा म्हणायचे. सात वर्षांचा धैर्यशील बांधावर उभा होता म्हणून त्यालाही पळसाच्या पानातून मिळाला होता. आणि आता समुद्रापलीकडच्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं झाडाला बांधलेल्या डोळ्यालाही उपाशी ठेवलं नव्हतं. इतक्या वर्षांत या परदेशात त्याला कुणी काही वाढून ठेवलं नव्हतं हो! त्याचे डोळे भरून आले. पुढच्या फोटोत एक उदमांजर ती पुडी खात होतं, ते बघून तो एकटाच मोठ्यानं हसला.

त्यानं ते उदमांजर नोंदवलं. म्हाताऱ्याच्या आतापर्यंतच्या सगळ्या फोटोंपुढे लिहिलं : रिकामा.

मग तसंच सुरू राहिलं. नवीन कार्ड आलं की आधी अकरा नंबर. म्हाताऱ्याला तो मनातल्या मनात मामा म्हणू लागला. मामा खोकतायत का, कुत्रं लंगडतंय का, हे बघायचं आणि 'रिकामा' लिहून पुढे जायचं. वर्षभर मामा येत राहिले, आणि वर्षभर ते पुसले गेले.

वर्ष संपल्यावर डॉक्टर तेओंनी सगळ्यांना बोलावून निष्कर्ष मांडले. डॉक्टर तेओ म्हणजे त्याच्या वरिष्ठ, कामाला चोख आणि मनानं सरळ बाई. बंद रस्त्यांवर सांबरं आणि डुकरं दुपटीच्या जवळ गेली होती, अस्वल पहिल्यांदाच दिसलं होतं. उघड्या रस्त्यांवर मात्र होती तीही कमी झाली होती. गाड्या थांबल्या की जनावरं परत येतात, हे आता आकड्यांनिशी सिद्ध होत होतं. त्यात सगळ्यात उत्तम रस्ता अकरा नंबरचा, तिथे वर्षभरात एकही माणूस नाही. म्हणून करारानुसार तिथला पूल गेल्या महिन्यात काढला, असं त्या सहज म्हणाल्या.

धैर्यशीलनं त्यांना मध्येच थांबवलं. कुठला करार, असं त्यानं विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. गावांबरोबरचा करार, बाईंनी समजावलं, आपण बुधवारी कितीदा तरी बोललोय त्यावर. आपला विरोध गाड्यांना होता. गावातला माणूस पायी येऊन आठवड्याला एखादं डुक्कर नेतो, त्यानं जंगलाचं काही बिघडत नाही. समिती होती ती त्यासाठीच. पायी येणारा दिसला की त्याची वाट राखायची, पूल ठेवायचा. वर्षभर कुणीच दिसलं नाही तरच पूल काढायचा.

"पण समजा कुणी येत असेल तर?" धैर्यशीलनं विचारलं.

"येत असता तर तुला दिसला असता," त्या म्हणाल्या. "मोजणारा तूच होतास ना."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, ते असं. बैठक संपल्यावर तो त्यांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. पुरावा म्हणून त्याच्याकडे एकच फोटो उरला होता : पुडी खाणारं उदमांजर. बाईंनी तो बराच वेळ बघितला. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. अकरा नंबर अभ्यासातून काढावा लागेल, त्या म्हणाल्या, आणि तुझ्या काँट्रॅक्टबद्दल मी आत्ता काही बोलू शकत नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. पूल परत बांधता येईल का, एवढंच त्यानं विचारलं. बाईंनी त्याच्यासमोरच कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की मशीन बाहेर आणल्यावर शेवटचा चर खणलाय. एवढं मोठं मशीन आता आत न्यायला रस्ताच नाही.

पुढच्या महिन्यात शेवटचं कार्ड आलं. लॅबमध्ये दुपारची वेळ होती, बाकीचे जेवायला गेले होते, बुधवार होता. त्यानं अकरा नंबर उघडला.

पूल काढल्यानंतरच्या फोटोंत जनावरं खूप होती. सांबराची मादी आणि तिचं पिल्लू, डुकरांचा कळप, मग पुन्हा डुकरंच. त्यानं सगळी मोजली. आणि मग ओढ्यापलीकडे, लहानसा, मामा. पाणी चढलेलं होतं. कुत्रं काठाशी जाऊन परत फिरलं होतं. मामा उभे होते. आठ दिवसांनी पुन्हा तिथेच उभे. तिसऱ्या खेपेला त्यांच्या खांद्यावर बंदूक नव्हती, पाठीला टोपलीही नव्हती. ते कॅमेऱ्याकडे बघत होते आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून उघडे तळवे दाखवले होते. आज तुला द्यायला काही नाही, असं सांगायला म्हातारा तिथवर चालत आला होता.

"मामा, माझं चुकलं," धैर्यशील मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

मग त्यानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच खरं लिहिलं. माणूस : एक. पायी. कुत्रा : एक. बंदूक : नाही.

त्यानंतरच्या फोटोत ओढ्यापलीकडे कुणीच नव्हतं. वाऱ्यानं पान हललं असावं. त्यानं फोटो मोठा करून पलीकडचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधला, मग पुन्हा एकदा शोधला, आणि लिहिलं : रिकामा. या वेळी ते खरं होतं.