दोन धक्क्यांची चढाओढ

योरुनने धक्क्यावरच्या लाकडी पेटीचं गोठलेलं झाकण उचकटलं आणि आतलं बटण दाबलं. खांबावरचा दिवा लागला. दिवा दिसला तरच बोट तेर्नया बेटाकडे वळायची, नाही तर बाहेरच्या बाहेर निघून जायची. हिवाळ्यात बेटावर योरुनशिवाय चिटपाखरूही नसायचं, त्यामुळे दिवा लावणारीही तीच आणि चढणारीही तीच. सकाळ केव्हाच झाली होती, पण जानेवारीत उजाडेपर्यंत जेवायची वेळ होते. ती शेडच्या आडोशाला पाय आपटत उभी राहिली.

बोट लागली. खलाशी तुर्लाइफने फळी टाकली आणि हात पुढे केला.

"या मावशी. आज काय, कान की डोळे?"

"दात."

"मागच्या मंगळवारीही दातच होते."

"तो वरचा होता. तुला रे कशाला नसत्या चौकशा? तिकीट फाड मुकाट्याने."

तुर्लाइफने तिकीट दिलं आणि तोंड फिरवून हसला. मावशीचं तालुक्याच्या गावी काही काम नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तो वेड पांघरून पेडगावला जात होता.

काम एकच होतं, चढणं. समोरच्या स्तुर्वेर बेटावरची हालदिस गेल्या शरदात दुकानात चारचौघांत म्हणाली होती, "बोटवाले आता दोन बेटांना मिळून एकच थांबा ठेवणार. हिवाळाभर ज्या धक्क्यावरून जास्त माणसं चढतील, त्याचा. तेर्नयाचा गेलाच म्हणून समजा. योरुन कसली हलतेय घरातून!" योरुनला ते भलतंच झोंबलं. थांबा गेला तर बाजारहाट, औषधपाणी सगळंच तुटणार आणि तिला घर सोडून गावात मुलीच्या दोन खोल्यांत जाऊन राहावं लागणार. मुलीच्या खिडकीतून म्हणे समुद्र दिसतो, पण मध्ये गाड्यांचा सगळा तळ आहे. त्या दिवसापासून योरुनचा एकही मंगळवार चुकला नव्हता.

स्तुर्वेरच्या धक्क्यावरही दिवा होताच. लाल टोपीवाली बुटकी हालदिस चढली, केबिनमध्ये आली आणि समोरच्याच बाकावर बसली.

"अगं बाई, आलीस का? मला वाटलं, एवढ्या वाऱ्यात बाहेर पडायची तुझी काही छाती होणार नाही."

"तुझ्या खिडकीत उजेड दिसला तेव्हा माझी दुसरी कॉफी चालली होती."

"म्हातारपणी झोप येत नाही, त्याचं कसलं कौतुक?"

"तू कुठं निघालीस?"

"घड्याळाचा सेल बदलायला."

"एका सेलासाठी एवढं तिकीट?"

"आणि तू? तोंडात दात उरले तरी आहेत का?"

दोघी एका वर्गात शिकलेल्या, त्यामुळे जीभ आवरायचा प्रश्न नव्हता. तुर्लाइफ कॉफीचे पेले घेऊन आला आणि म्हणाला, तुम्हा दोघींसाठी बोटवाल्यांनी खास दवाखानाच उघडायला हवा. दोघींनी त्याला एकदमच झापलं.

गावात योरुन बेकरीत कोपऱ्याच्या टेबलाशी एकटी बसली. लेफ्से, ती बटाट्याची मऊ पोळी, खाल्ली, लोकर घेतली, लोकांच्या गप्पा ऐकल्या. दातवाल्याकडेही खरंच जाऊन आली, कारण तिला खोटं बोलणं जमत नसे. दुपारच्या अंधारात परतीची बोट धरली. आता पुढच्या मंगळवारी काय दुखवावं, याचा विचार तिने वाटेतच सुरू केला.

पण त्याआधीचा सोमवार वैऱ्यासारखा आला. विहिरीवरून येताना ती बर्फावर घसरली आणि गुडघा धरून बसली. मंगळवारी सकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. तरीही तिने कोट चढवला, भिंत धरत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला आणि पहिल्याच पायरीवर मटकन खाली बसली. धक्क्यापर्यंतची वाट उताराची आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली. सरपटत मागे येऊन ती खिडकीशी खुर्चीत बसली आणि मोठ्याने रडली. ऐकायला कोणी नव्हतं, मग लाजायचं कुणाला?

इंजिनचा आवाज जवळ आला. आता तो लांब जाईल म्हणून तिने डोळे मिटले. पण आवाज मंदावला. तिने डोळे उघडले, तर धक्क्यावरचा दिवा जळत होता. दिव्याखाली एक लाल टोपी होती आणि कडेला स्तुर्वेरची होडी बांधलेली होती. लाल टोपी बोटीत चढली, फळी उचलली गेली आणि बोट निघून गेली.

दिवसभर योरुनला काही सुचलं नाही. हालदिसचा यात काय डाव असेल, हे तिला कितीही डोकं चालवून कळेना.

परतीच्या बोटीनंतर हालदिस दार लोटून सरळ आत आली. हातातली पिशवी तिने ओट्यावर ठेवली, तीत ताजा कॉड आणि त्याचं काळीज होतं.

"पाय दाखव."

"आधी सांग, माझ्या धक्क्यावर काय करत होतीस?"

"चढत होते. धक्क्यावर दुसरं काय करतात? तुझी बॅटरी दर मंगळवारी उतारावरून खाली येताना दिसते. आज दिसली नाही. म्हटलं, ही मेली तरी असेल नाहीतर पडली तरी."

"पण तू माझ्या धक्क्यावर मोजली गेलीस ना! अशाने तुझा थांबा जाईल, वेडे."

"माझा गेलाच आहे." हालदिसने पातेलं शेगडीवर ठेवलं. "मी ईस्टरला मुलाकडे चालले, कायमची. बोटवाल्यांना सप्टेंबरातच सांगून टाकलं."

योरुन खुर्चीत पुढे सरकली.

"मग चढाओढ?"

"कसली चढाओढ! कोणी चढलंच नाही तर तेर्नयाचाही थांबा पुसणार होते, एवढंच खरं. बाकीचं मी रचलं. तुर्लाइफलाही सांगून ठेवलं होतं." हालदिस कांदा चिरू लागली. "पेडर गेल्यापासून तू पडदेसुद्धा उघडत नव्हतीस, योरुन. रोज सकाळी मी बघायची, समोर अंधार. नवरा गेला म्हणून माणसाने स्वतःलाही पुरून घ्यायचं का? गोडीत सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? तुला भांडल्याशिवाय जाग येत नाही, शाळेपासून बघतेय."

"म्हणजे हिवाळाभर मला नाचवलंस."

"हो."

"तुझ्यापायी मी एक दात उपटून घेतला, भवाने!"

"किडलेलाच असणार."

योरुनला हसू आलं आणि हसता हसताच पुन्हा रडू फुटलं. तिने नाक पुसलं. खिडकीबाहेर, पाण्यापलीकडे, हालदिसने तसाच चालू ठेवलेला तिच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता.

"मग तू गेल्यावर मी कोणाच्या नाकावर टिच्चून बोटीवर चढायचं?"

हालदिस पातेल्यात चमचा फिरवत राहिली.

"ईस्टरपर्यंत तर आहे ना मी," ती म्हणाली, पण तिने वळून पाहिलं नाही.