चांदीचं पाणी

समजा, तुम्ही बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर उकिडवे बसला आहात आणि पाण्यात सोडलेली जाळीची पिशवी वर ओढता आहात. दिव्यानीने ती तशीच ओढली. पाणी पारखायला तिनेच रात्री आत सोडलेले झिंगे आडवे पडले होते. एकाचीही मिशी हलत नव्हती. शेजारी डब्यात, गावतलावाच्या पाण्यात ठेवलेले झिंगे मात्र अजून उड्या मारत होते.

तिने बोडीकडे पाहिलं. परवापर्यंत हिरवं असलेलं पाणी आता तळापर्यंत नितळ दिसत होतं. त्यावर एक किडासुद्धा फिरत नव्हता.

तिच्या बाबांनी धानावरच्या करपा रोगासाठी मूल गावाहून औषध आणलं होतं. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक चांदी. कण तळाशी बसू नयेत, पाण्यात तरंगत राहावेत म्हणून प्रत्येकावर लेप दिलेला. उरलेलं औषध आजीने, गुणाबाईने, बोडीत ओतलं. चांदीने पाणी शुद्ध होतं, बाळाला पहिला घास आपण चांदीच्या वाटीतूनच देतो, असं तिचं म्हणणं. तुमच्या आजीनेही कदाचित हेच केलं असतं. नितळ पाणी पाहून गुणाबाई कालपासून खुशीत होती.

आता ती फावडं घेऊन आली. धानाला पाणी हवं होतं. बांध्यांतून, धानाच्या वाफ्यांतून, उतरलेलं पाणी पुढे गावतलावात जाई, आणि तिथे मासे धरणाऱ्या कोलूभाऊंनी नुकतीच माशांची पिल्लं सोडली होती.

"आजी, पाळ फोडू नोको. झिंगे मेले."

"कोंडल्यावर मरतीनच. तुले कोंडलं तं तू नाचशील का?"

"डब्यातले काऊन नाई मेले मंग? त्यायले बी कोंडलंच हाये."

गुणाबाईने डब्यात डोकावून पाहिलं.

"चांदी हाये ते, पोरी. जहर नाई. तुया पायात बी चांदीच हाये ना?"

"पायातली दिसते, आजी," दिव्यानी म्हणाली. "हे दिसतच नाई."

गुणाबाईने फावडं घातलं. मातीचं ढेकूळ बाजूला पडलं आणि बोटभर धार बांधीकडे निघाली.

दिव्यानी उठली, त्या खाचेत जाऊन पाण्याकडे पाठ करून बसली, आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून आपल्या कमरेभोवती लिंपू लागली.