पळती फुली

"चपला स्वतःच्या जबाबदारीवर काढाव्यात. हरवल्यास महाराजांना विचारू नये." सोसायटीच्या हॉलबाहेरची पाटी.

"हनुवटी टेकवा. हलू नका." डोळ्यांची डॉक्टर सुरुची, दिवसभर.

तिच्या आणि गंधारच्या लग्नाचं कार्यालय ठरलं होतं. आचारीही.

रविवार, रायफल रेंज. गंधार नव्या पोरांना दटावतो, "आधी स्कोपच्या बाजूचा नॉब अंतराला लावा, मग नेम."

आणि कोथरूडच्या त्या हॉलमध्ये ही दाटी! पुढे टेबलाला घट्ट आवळलेला रायफलचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, समोरच्या भिंतीशी समई. स्कोपमध्ये काळी फुली. डोळा लावायचा, डोकं डोलवत जप करायचा. फुली ज्योतीवर टिकली तर चित्त शुद्ध, पळाली तर दोष.

प्रत्येकाआधी महाराज नॉब कुरवाळत. "यंत्र जड आहे बरं का, चैतन्य आमचं!"

गंधारची आई विजयमालाबाई बसल्या. फुली ढळली नाही. मग होणारी सून, सुरुची.

"पळतेय," तिने खरं ते सांगितलं. "ज्योतही धूसर दिसतेय."

"मनावरचं मळभ, मुली. हे घर तुला मानवणार नाही."

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. "गंधार, लग्न थांबवावं लागेल रे."

गंधारला नॉब दिसत होता. लावलेला लांबच्या नेमावर, आणि समई तर समोरच. वाक्य जिभेवर आलं. त्याने आईकडे पाहिलं, वाक्य गिळलं आणि आपले मोजे किती मळलेत ते बघत राहिला.

सुरुची उठली नाही. तिने टेबलावर मूठ ठेवली आणि मुठीवर हनुवटी टेकवली. डोकं थांबलं, फुलीही थांबली. मग तिने नॉब हळूहळू फिरवला. ज्योत लखलखीत झाली. आता ती डोलली, तरी फुली जागची हलेना.

"हात लावू नका! कोप होईल!" महाराज ओरडले.

"होऊ दे. आई, तुम्ही बसा." तिने नॉब पुन्हा होता तसा केला.

विजयमालाबाई डोलल्या. "अगं बाई! माझीही पळतेय!"

"ज्योतीची प्रतिमा फुलीच्या पातळीवर पडली नाही, की डोळा हलेल तशी फुली सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात," सुरुची सगळ्यांना म्हणाली. "अंगठा समोर धरा, एकेक डोळा मिटा. अंगठा पळतो. मग काय, अंगठ्याचं चित्त अशुद्ध? माणसाला दोषी ठरवण्याआधी यंत्र तपासा. आणि जो तपासू देत नाही, त्याच्यापुढे डोकं डोलवू नका."

महाराजांना एकाएकी हिंजवडीचे भक्त आठवले. "निघतो, ट्रॅफिक लागेल."

"अंतर्ज्ञानाने कळलं वाटतं," मागून कुणीतरी.

विजयमालाबाई तिचा हात धरायला पुढे आल्या. सुरुची गंधारकडे बघत होती.

"तुला माहीत होतं."

"हो." एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला.

तिने पर्स उचलली. तोही मागे धावला, पण त्याच्या चपला सापडेपर्यंत ती जिना उतरली होती.

वर येताना जिन्यात तिने विचारलं होतं, "काही खोटं दिसलं तर बोलशील ना?" तो "अर्थात" म्हणाला होता.