डावा पंख

तिळाएवढ्या चेहऱ्यावर टाचणीच्या टोकानं काढलेलं लाल हसू, जरा घसरलेलं, हनुवटीपर्यंत आलेलं. खेळण्यातल्या विमानाच्या फुगीर, पारदर्शक झाकणातून ते होतं त्याहून मोठं दिसत होतं. ती टेबलाशी वाकून बघत राहिली. वैमानिक हसत होता, झाकणावर खिडकी उतरली होती, खिडकीत समोरच्या गच्चीवरची निळी चादर हलत होती, आणि त्या एवढ्याशा जागेत वाऱ्यालाही पुरेसा वाव होता... किती वेळ झाला कोण जाणे. लेकीची शाळेची बस गेली तेव्हा चहा गरम होता. आता त्यावर साय धरली होती.

मग तिची नजर डाव्या पंखाकडे गेली. गेलीच. सकाळपासून ती तिकडे बघायचं टाळत होती.

डावा पंख वर उचललेला होता, उजवा खाली. काल संध्याकाळी भिंगरीनं – आठ वर्षांची लेक, एका जागी ठरत नाही म्हणून बापानं ठेवलेलं नाव – तू फक्त बघ, हात मागे, असं बजावून दोन्ही पंख एकटीनं लावले होते. गेले तीन रविवार दोघींचे या सुटे भाग जोडायच्या विमानातच गेले. खोक्यावर लिहिलं होतं, वय वर्षे दहा आणि पुढे. तिनं ते काळजीनं वाचून दाखवलं तर भिंगरी म्हणाली होती, आपलं दोघींचं मिळून चाळीस होतं की. त्या चाळीस वर्षांच्या कारागिरानं पहिल्या रविवारी चाकं उलटी बसवली, दुसऱ्या रविवारी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून घेतली, आणि नवऱ्यानं दारातूनच विचारलं, की मायलेकींच्या विमानात बसायचं तर आधी विमा उतरवायला हवा का. भिंगरी इतकी हसली, इतकी हसली, की तिला उचकी लागली, आणि आई आपलं हसणं अर्धं टाकून पाणी आणायला धावली. आईच. उचकीनं कुणाला काही होत नाही, हे पदवीपर्यंत शिकूनही आईला पटलेलं नव्हतं.

काल पंख लावून झाल्यावर भिंगरीनं टेबलाभोवती फेरी मारली होती. हात पसरून, एक वर, एक खाली, अंग तिरकं टाकून, तोंडानं घरघर करत... सावकाश, कोपरा लागेल, असं ती म्हणाली होती. तिला तेव्हा फक्त टेबलाचा कोपरा दिसत होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुद्रितांचा गठ्ठा पडला होता, दुपारपर्यंत तपासून द्यायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. एकदा दिसलेली चूक दुरुस्त केल्याशिवाय तिचं बोट पुढच्या ओळीवर सरकत नसे. पंख तसाच होता. शुक्रवारी भिंगरी विमान वर्गात नेणार होती. कुणी हसणार नाही, पण कुणीतरी एक जण सहज म्हणेल, वाकडंच आहे की हे... आणि मग भिंगरीचा चेहरा. तो चेहरा तिला आत्ताच दिसला. न घडलेल्या गोष्टी तिला घडलेल्या गोष्टींपेक्षा नेहमीच स्पष्ट दिसत आल्या होत्या.

एवढंसंच तर करायचं. भिंगरीला कळणारसुद्धा नाही.

तिनं वाकवला तसा पंख टक् आवाज करत सुटला. मग तिनं झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी उघडली. एक थेंब. पुरेल? आणखी एक. पुन्हा निखळला तर... आणखी एक. पंख सरळ धरून शंभर आकडे मोजले. कपड्यांचे दोन चिमटे लावले. वरून स्वयंपाकघरातला मोठा डबा पालथा घातला – धूळ नको, वारा नको, कुणाचा धक्का नको.

मग मुद्रितांच्या ओळी कशा पोहत गेल्या. ती अक्षरांवरून तरंगत होती, खाली शेतांसारखे परिच्छेद, मधून पांढऱ्या पायवाटा, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं, सगळं सरळ असल्यासारखं.

बसच्या वेळेआधी तिनं डबा उचलला. पंख सरळ होता. झाकण पांढरं झालं होतं.

तिनं पदरानं पुसलं. मग ओल्या फडक्यानं. जाईना. कोंडलेल्या गोंदाची वाफ आतल्या आत फिरून झाकणाला बाहेरून-आतून धरली होती, आणि त्या गोठल्या धुक्यात कुठेतरी तो घसरलेला हसरा माणूस बसला होता. असेलच तो. जाईल कुठे... आठ वर्षांपूर्वी, अकरा दिवस, अशीच एक काचेची पेटी. आत मुठीएवढं काहीतरी, नळ्यांमध्ये. आणि ती काचेला नाक लावून उभी. हळूहळू आतलं पुसट होत गेलं, तशी ती घाबरून ओरडली होती, आणि परिचारिकेनं शांतपणे काच पुसून म्हटलं होतं, "बाई, जरा मागे सरा. तुमच्याच श्वासानं तुम्हाला दिसेनासं होतंय."

भिंगरी आली. दप्तर खांद्यावरच ठेवून टेबलाशी उभी राहिली. तिनं आधी झाकणाकडे नाही, पंखाकडे पाहिलं.

"सरळ केलास," ती म्हणाली.

सैल वाटला म्हणून, पडला असता म्हणून, असं आई काहीबाही सांगू लागली. सांगताना आपला आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

"सैल नव्हता गं. विमान वळत होतं."

वळत होतं... टेबलाभोवतीची फेरी, एक हात वर, एक खाली. ती भिंगरीच्या रडण्याची वाट बघत राहिली. रडण्यासाठी तिच्याकडे सगळं तयार होतं, मांडी, पाणी, शब्द. पण भिंगरीनं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"असू दे. तुला भीती वाटते ना, म्हणून केलंस."

हा सूर आईचाच होता. तापात, अंधारात, पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ती जो लावायची, तोच. किती दिवसांपासून ही पोरगी तो आपल्यावर लावते आहे? आपण हिच्याकडे इतकं बघत होतो, आणि ही कधीपासून आपल्याकडे बघते आहे...

भिंगरीनं वाकून पांढऱ्या झाकणाला डोळा लावला. आतल्याला बाहेरचं दिसत असेल का, असं विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

"मी पंख परत काढणारे. तू हात मागे."

तिनं हात मागे घेतले. बोटांच्या टोकांवर गोंद वाळला होता. पाठीमागे एका हाताला दुसऱ्याचा स्पर्श कळत नव्हता. समोर छोटी बोटं पंखाला धरून हळू वाकवत होती. प्लास्टिक कुरकुरलं. तुटेल. नाही तुटणार. तुटेल... टक् आवाजाची वाट बघताना तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरला आहे. मग तिनं तो सोडला, अगदी सावकाश, तोंड थोडं बाजूला करून.