ताईच्या रद्द फेऱ्या आणि मी

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची-माझी कसली मैत्री? तुम्ही येता, नाक पुसलेल्या बोटांनी माझ्या पट्ट्या बडवता आणि पळता. असो. माझी हकीकत ऐका, आणि ऐकताना माझ्यावर रेलू नका.

मला दोन सुतार भावांनी घडवलं. दोघांचं आपसात पटत नव्हतं. एकाने लाकूड रंधलं, दुसऱ्याने तारा ओढल्या, आणि वर्षभरात दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले नाहीत. दोनशेहून जास्त तारा पोटात ताणून जन्मभर उभं राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही. मी चिडका आहे, कबूल. तुम्ही राहून दाखवा.

पुढे मी एका शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या घरी आलो. तीस वर्षं राबलो. पोरं वाजवायची, पालक माना डोलवायचे, “काय गोड आवाज!” म्हणायचे. बाईंना दोन मुलं होती, थोरली ताई आणि एक धाकटा. धाकट्याचा सूर चुकला की बाई त्याच्या बोटांवर लाकडी फूटपट्टी हाणायच्या. मार आईने दिला, दात मात्र त्याने माझ्यावर धरला. आईवर रागवायची सोय नसते ना!

बाई गेल्या. घर दोघा भावंडांना मिळालं. धाकटा फ्रीज दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, आणि त्या खोलीतल्या एकुलत्या एक सलग भिंतीला मी. त्याचे उघडे फ्रीज खोलीच्या मधोमध उभे असायचे आणि येता-जाता तो मला लाथ घालायचा.

“ताई, हे धूड कधी हलतंय?”

“आईची ती चार पानांची धून मला वाजवायचीय. मग बघू.”

“सहा वर्षं हेच ऐकतोय! तीन महिने देतो. सलग वाजव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर टेम्पो बोलावतो.”

“बोलाव. लागली पैज!”

पैज त्यांची, जीव माझा टांगणीला. मला विचारलं कुणी?

आता ताईचं ऐका. ही बाई बसच्या डेपोत वेळापत्रकं बनवते. दीडशे गाड्या हिच्या बोटावर सुटतात. तिने सरावाचंही वेळापत्रक केलं, लाल-निळ्या रेघांचं, आणि माझ्या छातीवर चिकटवलं. सकाळी सहा चाळीस ते सात दहा. चिकटपट्टीने माझं पॉलिश निघालं, पण ते सोडा. खरा घोळ पुढेच आहे. त्यांच्या डेपोत नियम असा, की गाडीला पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की फेरी रद्द. बाईसाहेबांनी तोच नियम घरी आणला! दूध उतू गेलं, सहा सेहेचाळीस झाले, की ही यायची, घड्याळ बघायची आणि कागदावर लिहायची, “फेरी रद्द.” चोवीस मिनिटं हातात असायची! तेवढ्यात ती काय करायची? बसून दुसऱ्या आठवड्याचं वेळापत्रक आखायची. मला तर वाटायचं, झाकण आपटून हिची बोटं चेचावीत.

दोन महिन्यांत नऊ दिवस सराव झाला. आणि ते नऊ दिवस कसले, रोज पहिल्या पानापासून सुरुवात! पहिलं पान तोंडपाठ, चौथ्या पानाचं तोंडही पाहिलेलं नाही. धाकटा खूश होता. त्याने टेम्पोवाल्याला माप घ्यायलासुद्धा बोलावलं.

टेम्पोवाला सकाळी साडेसहाला येणार होता, उगवला सात वाजता. ताईने नुकतीच फेरी रद्द केली होती आणि तिचं डोकं तापलेलं होतं.

“साडेसहाची वेळ होती ना? आता कशाला आलात? जा परत!”

“अहो ताई, उशिरा आलो म्हणजे आलोच नाही का?” त्याने शांतपणे टेप काढली. “दोन मिनिटांचं तर काम आहे.”

खरंच दोन मिनिटांत त्याने मला आडवा-उभा मापला, दाराची चौकट मापली आणि गेला. ताई कागदाकडे बघत राहिली. मग तिने तो टरकन फाडला. माझं आणखी थोडं पॉलिश गेलं. डेपोला निघायला आठ मिनिटं होती. ती बसली आणि तिने थेट चौथं पान उघडलं. इतकं भयंकर वाजवलं की माझ्या तारा शहारल्या. पण वाजवलं.

मग सुरूच झालं. कधी सहा मिनिटं, कधी तीन, कधी पायात बूट घालून उभ्या-उभ्या नुसत्या दोन ओळी. धाकट्याने ओळखलं, ताई ऐकत नाही. तो नेमका तेव्हाच तांब्याच्या नळ्या करवतीने कापायला लागला. भावंडांचं बोलणं बंद झालं. भाजीचं भांडंसुद्धा टेबलावर आपटून पुढे सरकवायचे.

ठरलेला रविवार आला. वेळ अकराची. दारात टेम्पो उभा. दोन ड्रायव्हर आलेच नाहीत म्हणून डेपोने ताईला पहाटेच बोलावून घेतलं होतं. ती धापा टाकत आली तेव्हा अकरा वीस झाले होते.

धाकटा दारात आडवा उभा. “पाच मिनिटं उलटली की फेरी रद्द. नियम तुझाच.”

“बाजूला हो.”

“ताई, वेळ गेली!”

“हो म्हणते ना बाजूला!”

खांद्यावरची पिशवीही न काढता ती बसली. धाकट्याने मागे फ्रीजचं यंत्र सुरू केलं, घरघर घरघर. खरं सांगतो, तारेवर आपटणारी माझी एक हातोडी दमट हवेत अडकते, आणि सहा वर्षांचा राग माझ्या पोटात होता. अडकवावी, असं मनात आलं. पण टेम्पोची फळी दिसत होती. नाही अडकवली. तिसऱ्या पानावर ती चुकली, पुन्हा चुकली, दात खाऊन पुढे गेली आणि चौथ्या पानाचा शेवटचा सूर दाबून थांबली.

“चार ठिकाणी चुकलीस,” धाकटा म्हणाला. तो आपली बोटं चोळत होता.

“सलग वाजव म्हणालास. पोचले की नाही?”

तो म्हणाला, “आईला हे आवडलं नसतं.”

“आईला काहीच आवडायचं नाही,” ताई म्हणाली.

त्याने यंत्र बंद केलं आणि टेम्पोवाल्याला हात करून परत पाठवलं.

मी वाचलो. पण मी काही भोळा नाही. म्हटलं, पैज जिंकली, आता ही बया कशाला फिरकतेय! झाकण लागेल, वर सामान चढेल, संपलं. सोमवारी सात वाजून गेले. कुणी आलं नाही. मला हेच अपेक्षित होतं, तरी वाईट वाटलं.

सात वाजून सहा मिनिटांनी ती आली. केस ओले, तोंडात पिन. चार मिनिटं वाजवलं. कुणी ऐकत नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असंच भिंतीला लागून उभं असेल. त्याला प्रेमाच्या गप्पा नकोत. पूर्ण अर्धा तास मिळेल तेव्हा बसू, असं म्हणून त्याला कुजवू नका. चार मिनिटं असतील तर चार मिनिटं बसा. आणि तेवढंही जमणार नसेल, तर मेहरबानी करून त्याला तोंडावर तसं सांगा.