आशाचा डावा हात

मी द्वारका कासारीण. तीस वर्षं औरंगपुऱ्यात बांगड्या भरते. अख्ख्या गल्लीतल्या बायांचे हात मला तोंडपाठ. अन् आता आठ महिने झाले, एका बाईनं माझ्या हातात हात दिला नाय.

आधी तोंडात फोड आले. मग पाठीवर, मग बोटांवर. जरा घासलं की कातडं सरकायचं, उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखं. गल्लीनं ठरवूनच टाकलं, द्वारकाबाईचा रोग दुसऱ्याला लागतो. डोंबल लागतो! घाटीतल्या सरकारी दवाखान्यातल्या मुनिरा डॉक्टरणीनं मला समोर बसवून समजावलं होतं.

"मावशी, कातडीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. आईच्या पोटात बाळ घडतं, तेसुद्धा पेशी अशा धरून राहतात म्हणूनच. तुमच्या रक्तातले पहारेकरी चुकून त्या पकडीवरच उठलेत. पकड सुटते, मधे पाणी भरतं, फोड येतो. पण तुमच्यापासून दुसऱ्या कुणाला हे होत नाही."

तसं तिनं कागदावर लिहूनही दिलं. तो मी दुकानात टांगला. कुणी वाचला असंल तर शपथ! गोळ्यांनी फोड वाळले, तोंड मात्र सुजून भोपळा झालं. बोटांवर एवढ्यात जोर देऊ नका, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. जोर द्यायला गिऱ्हाईक कुठं होतं?

मला आस होती ती आशाच्या लग्नाची. आशा शेजारच्या माडीवरच्या सरूबाईची पोरगी. शाळा सुटली की माझ्याच दुकानात बसायची. सहा वर्षांची असताना झोक्यावरून पडली अन् डाव्या अंगठ्याचं हाड वाकडं बसलं. त्या हाताला बांगडी चढवायची तर अंगठा तळव्यात दुमडून करंगळीकडून फिरवत न्यावी लागते. हे फक्त मला ठाऊक. "मावशी, माझा चुडा तूच भरायचा," असं पोरीनं कितीदा म्हणलं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी सरूबाई आली. दारातच थांबली. "द्वारकाबाई, आशासाठी हिरव्या बांगड्या द्या. माप तुम्हाला ठाऊकच हाय. भरायला आवडा कासारणीला सांगितलंय."

अंगाची नुसती लाही झाली. "व्हय, न्या की," म्हणलं. अंगठ्याचं बोलले नाय. मुद्दाम. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं असतं, पण मी मनात फुटू देत असंच म्हणलं. कळू दे तिला!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जिवाला चैन पडंना. नवरीच्या हातात बांगडी फुटणार, तीही माझ्या दुकानातली? पोरीनं माझं काय वाकडं केलं होतं? चहा तसाच ठेवून उठले.

वर त्यांच्या घरात बाया दाटीनं बसल्या होत्या. मला बघून दाराजवळच्या चौघी आत सरकल्या. आशाचा उजवा हात भरून झाला होता. डाव्यात दोन बांगड्या वाढल्या होत्या, मनगटावर रक्त होतं अन् ती रडत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच ओरडले, "आवडे, जोर नको करूस! अंगठा तळव्यात दुमड, करंगळीकडून फिरव."

आशानं मान वर केली. उठली, बायांमधून वाट काढत दारात आली अन् डावा हात माझ्यापुढं धरला. "तू भर."

"आशे, बस खाली!" सरूबाई ओरडली.

"नाय बसत."

खरं सांगते, मलाच भ्या वाटलं. मग तिचा हात धरला. आठ महिन्यांनी माणसाचा हात! ऊन ऊन, मेंदीचा वास येणारा. मला रडू आवरंना. एकेक करत बांगड्या चढवत गेले. सातवीला माझ्या बोटांचं कातडं सरकलं. लई झोंबलं. पदर गुंडाळला अन् उरलेल्या चार भरल्या. एकही वाढली नाय.

रितीप्रमाणं आशा माझ्या पायाशी वाकली. तिच्या डोक्यावर हात ठेवणार, तेवढ्यात सरूबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं.

मी जिना उतरले. खाली पोचते तर वर बादली वाजली. सरूबाई उंबरा धूत होती. पाणी पायरी पायरीनं माझ्या मागं खाली आलं.

दुकानात येऊन बसले. बोटांची आग आग होत होती, मलम समोरच होतं. लावलं नाय. हाताला अजून मेंदीचा वास होता.